प्याला, प्रेम आणि अत्तींचा प्रश्न

येळवशीच्या आदल्या रात्रीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी शेतात जायचे म्हणून घरात भज्जीची तयारी चालली होती. आंबिलाचे मडके भरून झाले होते, बाजरीचे उंडे निवत ठेवले होते आणि माझ्या सासूबाई तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना आम्ही अत्तीच म्हणतो. माहेर अफजलपूरकडचे, बोलणे निम्मे कानडी, निम्मे मराठी. आमच्या निंबर्ग्यात तसे कुणाचे नसते? शेजारी माझी पुतणी बसली होती. कलबुर्गीला वसतिगृहात राहून बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला शिकते. तिच्या एका हातात शेंग, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मोबाईलवर एक जपानी मालिका.

अत्तींना वाचता येत नाही, त्यामुळे खाली इंग्रजी अक्षरे पळाली काय अन् न पळाली काय, त्यांना सारखेच. पण चित्र त्या बारकाईने बघतात. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "ही दोघं कोण गं? अण्णा-तम्मा काय?"

"नाही अज्जी. दोघांचं प्रेम आहे एकमेकांवर."

मी स्वयंपाकघरातून कान टवकारले. आता काहीतरी ऐकावे लागणार असे वाटले. अत्तींनी शेंग सोलली, दाणे सुपात टाकले आणि पुन्हा पडद्याकडे पाहिले. पडद्यावर एक तरुण दारू पिऊन बाकावर आडवा झाला होता, दुसऱ्याने त्याचे डोके मांडीवर घेतले होते, आणि मागे मंद वाद्ये वाजत होती. पुतणीच्या डोळ्यांत अगदी पाणी! अत्ती म्हणाल्या, "इदक्क प्रीती अंतारेनू?" याला प्रेम म्हणतात होय? आणि मग मराठीत, सावकाश, "मग मी चाळीस वर्षं काय केलं?"

कुणीच काही बोलले नाही. शेंगा संपेपर्यंत मोबाईल उपडा पडून राहिला.

मुले-मुले एकमेकांच्या प्रेमात पडतात अशा जपानी, थाई, कोरियन, तैवानी मालिका हल्ली आपल्याकडच्या मुली फार बघतात. लॉकडाऊनच्या काळात कोरियन मालिकांची गोडी लागली आणि तिथून ही वाट फुटली. कॉलेजात मराठीच्या तासाला मी एकदा सहज विचारले, तर अर्ध्या मुली खाली मान घालून हसल्या. त्यावरून जे समजायचे ते समजले. यांना 'बॉईज लव्ह' म्हणतात. मुळात हे मुलींनी मुलींसाठी रचलेले साहित्य आहे. जपानमध्ये 1970 च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया अशा तरुण लेखिकांनी मुलींच्या चित्रकथा-मासिकांतून दोन मुलांच्या प्रेमाच्या गोष्टी काढल्या. तिथून कादंबऱ्या आल्या आणि मग दूरदर्शन मालिका. थायलंडमध्ये 2014 च्या 'लव्ह सिक'नंतर तर या मालिकांचे पीकच आले. म्हणजे पडद्यावर दोन मुलगे असले, तरी लेखणी आणि नजर बऱ्याचदा बाईची असते. बाईला प्रेम कसे हवे आहे ते या मालिकांतून दिसते, असे मला वाटते. दोन पुरुषांचे खरे आयुष्य कसे असते ते त्यातून कळेलच असे नाही.

पण मला आज लिहायचे आहे ते प्रेमाबद्दल आणि दारूबद्दल. या मालिका बघणाऱ्यांशी बोलताना मला दिसले, की वाद दोन मुलांवरून होतो त्यापेक्षा त्यांच्या हातातल्या पेल्यावरून जास्त होतो.

अत्तींनी पाहिलेला तो प्रसंग 'चेरी मॅजिक' या 2020 च्या जपानी मालिकेतला. आदाची हा बुजरा कारकून. तिसावे वर्ष पूर्ण होते आणि त्याला स्पर्श केला की समोरच्याच्या मनातले ऐकू येऊ लागते. कुरोसावा हा त्याच कचेरीतला देखणा, हुशार, सगळ्यांचा लाडका. एकदा गिऱ्हाईकाबरोबरच्या बैठकीत कुरोसावाला नको तितकी प्यावी लागते, तो कोसळतो, आणि आदाची त्याला सांभाळतो. इतरांना त्याचा देखणेपणा तेवढा दिसतो, हा त्याचा दुबळेपणाही बघतो आणि त्याला हसत नाही. तिथे कुरोसावाचे मन बसते. पुतणीचे म्हणणे असे की यात दारूचे कौतुक कुठेच नाही. जपानात कचेरीतली पार्टी टाळता येत नाही, साहेबाने ओतलेले नाकारता येत नाही. ती जबरदस्ती मालिका दाखवते, आणि त्या जबरदस्तीत एक जण माणसासारखा वागतो. याच मालिकेत दुसऱ्या एका पार्टीत खेळ म्हणून या दोघांना एकमेकांचे चुंबन घ्यायला सांगतात. आदाची घाबरलेला आहे हे कुरोसावाच्या लक्षात येते, आणि तो फक्त कपाळावर ओठ टेकवून खेळ संपवतो. "काकू, बघा, एवढं कुणी समजून घेतं का?" हे पुतणीचे वाक्य. वीस वर्षांच्या मुलीला एवढ्याशा समजुतीचे इतके अप्रूप वाटावे, याचे मला जरा वाईट वाटले.

कॉलेजात मी हा विषय गडकऱ्यांच्या आडून काढला. 'एकच प्याला' 1919 साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. गडकरी त्याच वर्षी जानेवारीत वारले, त्यांना तो प्रयोग बघायला मिळाला नाही. बालगंधर्वांची सिंधू बघून महाराष्ट्र रडला, आणि सोलापूरच्या वाटेने आपल्याकडची माणसेही रडली असतील. वकील सुधाकर अपमानाच्या झटक्यात तळीरामाच्या हातून पहिला पेला घेतो आणि मग सगळा संसार बुडतो. सिंधू सोसते. माझ्या वर्गातल्या मुली आता दरवर्षी हमखास विचारतात, "मॅडम, ती निघून का गेली नाही?" मी शिकत होते तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

त्या दिवशी चर्चा चांगली रंगली. एक मुलगी म्हणाली, दारू पिऊन माणूस खरे बोलतो, म्हणून त्या मालिकांत पिऊन दिलेली कबुली तिला आवडते. लगेच दुसरी उसळली, "आणि सकाळी म्हणतो मला काही आठवत नाही! रात्री बोललं ते खरं, मग सकाळी विसरलं ते काय?" तिसरी फार कमी बोलणारी. तिने सांगितले की असा प्रसंग आला की ती पुढे पळवते, घरी रोज तेच आहे, पुन्हा मोबाईलवर कशाला. चौथीला हा प्रकारच पसंत नव्हता. दोन मुलांचे प्रेम वगैरे आपल्या घरात बसून बघण्याची गोष्ट नव्हे, असे तिने स्पष्ट सांगितले. तिला मी गप्प केले नाही, बाकीच्यांनाही करू दिले नाही. घरात काय बघावे हा प्रश्न खोटा नाही. पण मग त्याच घरात सासऱ्याने, दिराने पिऊन घातलेला गोंधळ पोरांनी रोज बघितलेला चालतो, याचे काय, असे मी तिला विचारले. ती विचारात पडली. मीही पडले.

मागच्या बाकावरचा एक मुलगा शेवटी बोलला. "मॅडम, पिऊन पोरीला आवडतेस म्हटलं तर सिनेमा होतो. पोराला म्हटलं तर मार पडतो." वर्ग हसला. तो हसला नाही.

या मालिकांतल्या साऱ्याच दारूच्या प्रसंगांना आदाचीची सभ्यता लाभलेली नाही, हेही सांगायला हवे. 'लव्ह बाय चान्स' या 2018 च्या थाई मालिकेत एक मुलगा दारूच्या नशेतल्या मोठ्या मुलाचा गैरफायदा घेतो, आणि सकाळी वर त्यालाच अपराधी ठरवतो. मालिका ते गमतीच्या सुरात नेते. बघणाऱ्या पुष्कळ जणींना मात्र ते मुळीच गमतीचे वाटले नाही. "ते प्रेम नाही काकू, ती फसवणूक आहे," पुतणी म्हणाली. तिच्या मैत्रिणीचे मत वेगळे, की शेवटी दोघे सुखात राहतात ना, मग झाले. यावर त्या दोघींचे दोन दिवस बोलणे बंद होते म्हणे. मला हे भांडण फार मोलाचे वाटते. संमती म्हणजे काय, हे आम्ही कॉलेजातल्या मुलींना व्याख्यान देऊन कधी शिकवू शकलो नाही. त्या ते एका थाई मालिकेवर भांडून शिकल्या.

कायद्यापुरते सांगायचे तर, नशेमुळे बाईला आपण कशाला होकार देतो आहोत हे कळत नसेल, तर तो होकार आपला कायदा मानत नाही. जुन्या दंडसंहितेत हे होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. पण सज्ञान पुरुषावर असा प्रसंग आला तर? जुन्या संहितेत त्यासाठी कलम 377 तरी होते, नव्या संहितेत त्याच्या जागी काहीच ठेवलेले नाही. कायद्याच्या लेखी पुरुष बेशुद्ध असला तरी त्याच्या बाबतीत हा गुन्हा घडतच नाही. मालिकेतली चूक शोधायला बसलेल्यांनी हेही एकदा बघावे.

दारू दाखवण्याच्या तऱ्हाही किती निरनिराळ्या! थायलंडच्या दूरदर्शनवर बाटली आणि सिगारेट धूसर करून दाखवतात. मुलगा नुसत्या धुक्यातून काहीतरी पितो आहे असे दिसते. पुतणी म्हणते, उलट त्यामुळेच तिकडे लक्ष जाते. आपल्याकडे 2012 च्या ऑक्टोबरपासून सिनेमात सिगारेट दिसली की खाली इशारा येतो, आणि 2023 च्या सप्टेंबरपासून तो मोबाईलवरच्या मालिकांनाही लागू झाला. दारूच्या प्रसंगालाही तसा इशारा येतोच. इशारा वाचून कुणी पेला खाली ठेवल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. कोरियन मालिकांत वडीलधाऱ्यासमोर पिताना तरुण माणूस तोंड एका बाजूला वळवतो, ओतताना दोन हात लावतो. हे बघून माझी जाऊ म्हणाली, "बघा, पिण्यातसुद्धा मर्यादा!" आपल्याकडची मर्यादा म्हणजे वडिलांना दिसू नये म्हणून पाटावर जाऊन प्यायचे आणि येताना त्याच पाटात पडायचे.

चीनमध्ये तर प्रेम दाखवायलाच बंदी. 'द अनटेम्ड' ही 2019 ची मालिका मूळ दोन पुरुषांच्या प्रेमाच्या कादंबरीवरची, पण पडद्यावर ते जिवलग मित्र म्हणूनच वावरतात. त्यातला एक दारूचा शौकीन, दुसरा कडक नियमांच्या घराण्यातला, जिथे दारूला थाराच नाही. एका पेल्यात त्याची शुद्ध हरपते. शुद्धीत असताना जे ओठांवर येणार नाही ते तेवढ्यात चेहऱ्यावर येऊन जाते. बोलायची सोयच ठेवली नाही की मग लेखकाला पेला लागतो. 'लव्ह बाय चान्स'मधला पेला आणि हा पेला एकाच मापाने मोजता येत नाहीत.

आता अत्तींच्या प्रश्नाकडे येते. सासरे जाऊन बरीच वर्षे झाली, आणि हे लिहिण्याआधी मी अत्तींना विचारले आहे. "लिही, लपवायचं काय त्यात, ऊरल्ल गोत्तु," म्हणाल्या. गावाला ठाऊकच आहे. आपल्या भागात सारायीची पाकिटे मिळायची ते दिवस वाचकांना आठवत असतील. दुधाच्या पिशवीसारखी छोटी पिशवी, कोपरा दातांनी तोडायचा आणि तोंडाला लावायची. किराणा आणायला गेलेला माणूस किराण्याच्या पैशांची पाकिटे घेऊन यायचा. कर्नाटकाने 1 जुलै 2007 पासून सारायी बंद केली. तोपर्यंत आमच्या घरातली दोन एकर जमीन गेली होती. सासरे वाईट नव्हते. शुद्धीत असले की गाईगुरांशीसुद्धा हळू बोलत. पण संध्याकाळी अत्तींनी कितीदा त्यांचे डोके मांडीवर घेतले असेल, ओकारी काढली असेल, धोतर बदलले असेल, त्याला हिशेब नाही. कुणी मागे वाद्ये वाजवली नाहीत. शेजारच्या बायकांनी फार तर म्हटले असेल, काय करणार, नशीब. म्हणून अत्तींचा प्रश्न मला चावला. मुलगा मुलावर प्रेम करतो याचे त्यांना काहीच वाटले नाही. पिणाऱ्याचे डोके मांडीवर घेण्याचे इतके कौतुक का, हे त्यांना विचारायचे होते.

पुतणीजवळ याला उत्तर होते, पण ते तिने दुसऱ्या दिवशी दिले. त्याआधी मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे.

मी तेव्हा दुसऱ्या एका गावातल्या कॉलेजात होते. स्नेहसंमेलन झाले त्या रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर पाच मुले प्याली. त्यातल्या एकाने प्यायच्या भरात खोलीतल्या जोडीदाराला सांगितले, मला तू आवडतोस. एवढेच. सकाळपर्यंत ते सगळ्या वसतिगृहाला कळले. दुपारी पाचही जणांना बोलावले गेले, चौघांना समज देऊन सोडले आणि त्या एकाला घरी पाठवले. कागदावर कारण होते मद्यपान. आम्ही सगळे स्टाफरूममध्ये बसलो होतो. कुणीतरी म्हणाले, बरे झाले, शिस्त हवीच. मला विचारायचे होते, की मग प्यायले किती जण? मी विचारले नाही. माझी नोकरी तेव्हा पक्की नव्हती, हे खरे, पण ते सांगून काही हलके होत नाही. त्याचे वडील वळकटी न्यायला आले होते. तो मला भेटायला आला आणि म्हणाला, "मॅडम, मी प्यालो नसतो तर बोललो नसतो. आणि बोललो नसतो तर..." पुढचे त्याने गिळले.

6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सज्ञान माणसांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना कलम 377 मधून बाहेर काढले. त्या संध्याकाळी एक फोन आला. "मॅडम, बातमी बघितली?" आवाज ओळखायला मला थोडा वेळ लागला. पुण्यात नोकरीला आहे, असे म्हणाला. मी विचारले, पितोस का रे अजून? तो खळखळून हसला. "त्या रात्रीनंतर कधीच नाही. मॅडम, तुम्हाला तेच आठवतंय?" मला सगळेच आठवत होते, पण तोंडातून तेच आले. एक शिक्षिका म्हणून मी त्या दिवशी दुसऱ्यांदा नापास झाले.

ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच न्यायालयाने अशा जोडप्यांच्या लग्नाला मान्यता द्यायचे नाकारले, ते काम संसदेचे म्हणून सांगितले. तैवानने 2019 मध्ये ती मान्यता दिली, थायलंडने 2025 च्या जानेवारीत. ज्या देशांच्या मालिका आपल्या मुली बघतात, त्यातल्या या दोन देशांत तरी आता तशा मालिकेचा शेवट खऱ्या लग्नाने होऊ शकतो.

पुतणीला मी म्हटले, हे सगळे लांबचे बघतेस, आपल्या भाषांतले बघ की. तेंडुलकरांनी 1981 मध्ये 'मित्राची गोष्ट' लिहिली. एका मुलीवर प्रेम करणारी मित्रा, आणि शेवटी मरण. रोहिणी हट्टंगडींनी ती भूमिका केली होती. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी 2006 ची, त्यात बहीण आणि भाऊ एकाच माणसाच्या प्रेमात पडतात. कानडीत आपल्या बल्लारीकडच्या संडूरचे वसुधेंद्र, त्यांचा 'मोहनस्वामी' हा कथासंग्रह 2013 चा. आमच्यासारख्या दोन भाषांच्या घरात एवढी सोय आहे की ही पुस्तके मुळातून वाचता येतात. ती सोय वापरतो कोण, हे मात्र विचारू नका.

आणि 'साबर बोंडं'. रोहन परशुराम कानवडे यांच्या या मराठी चित्रपटाला 2025 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागाचे सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळाले, सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईचा आनंद गावी येतो. पाहुणेरावळे त्याच्या लग्नाचे विचारत राहतात. तिथे त्याला लहानपणचा सोबती बाळ्या भेटतो, जो शेती करतो आणि घरच्यांनी ठरवलेले लग्न कसेबसे टाळतो आहे. आनंदच्या आईला मुलाचे सगळे ठाऊक आहे, आणि ती त्याच्या बाजूने उभी आहे. साबरबोंड म्हणजे निवडुंगाचे फळ, आपली पापासकळ्ळी. बारीक कुसळे काढल्याशिवाय हात लावता येत नाही. मला वाटते, ज्यांना थाई-जपानी मालिका परक्या वाटतात त्यांनी हा चित्रपट घरात सगळ्यांबरोबर बसून बघावा. त्यातले गाव ओळखीचे आहे, त्यातले प्रश्न विचारणारे मामा-काका तर आपलेच आहेत.

तर येळवशीच्या दिवशी शेतात पूजा झाली, भज्जी-आंबिल झाले, माणसे बाभळीच्या सावलीला लवंडली. पुतणी मोबाईल घेऊन अत्तींजवळ गेली. "अज्जी, तुम्ही काल विचारलं ना, त्याचं उत्तर दाखवते."

"पिणं असलं तर पुढं पळव."

"नाही, पिणं नाही."

अत्तींनी डोळे बारीक केले. "तो पिऊन पडला होता. मग नंतर त्यानं काय केलं त्या दुसऱ्याचं?"

"तेच तर." तिने मालिकेतला दुसरा प्रसंग काढला. आदाचीची शेवटची गाडी चुकलेली, कुरोसावाकडे मुक्काम. सकाळी तो उठतो तर कुरोसावा चुलीपाशी, म्हणजे त्यांच्या त्या गॅसपाशी, त्याच्यासाठी न्याहारी करतो आहे. अत्तींनी मोबाईल हातात घेतला, जवळ धरला. वाटी, भात, वाफा. देखणा मुलगा वाढतो आहे आणि बुजरा मुलगा जेवतो आहे.

"गंडस माडतान?" पुरुष करतो? अत्तींनी विचारले.

"हो अज्जी. रोज."

अत्तींनी तो प्रसंग आणखी एकदा लावायला सांगितला.